वाकड्या मानेची गिटार

बीड जिल्ह्यात खरेदी हा कुणाचा खासगी व्यवहार नसतो. नेकनूरच्या बाजारात एखादा माणूस बैलासमोर उभा राहिला, की त्याच्याशी काही देणंघेणं नसलेले चौघे आपसूक पुढं येतात. एक जण बैलाचे दात बघतो, दुसरा शेपूट उचलतो, तिसरा "जरा चालवून दाखवा" म्हणतो आणि चौथा काहीच न बोलता नुसती मान हलवतो. सौदा मोडतो तो या चौथ्यामुळं. पुढं मोटारसायकल असो, बोअरची मोटार असो की मुलीला आलेलं स्थळ असो, मंडळी तीच आणि रीतही तीच. गिटार मात्र या मंडळींच्या तावडीत आजवर सापडली नव्हती. तिला दात नाहीत, शेपूट नाही, आणि चालवून बघायची म्हटलं तर आधी वाजवता येणारा माणूस शोधावा लागतो.

त्यात मला हवी होती ती आडवी गिटार. मांडीवर उताणी निजवायची, डाव्या हातात स्टील, म्हणजे लोखंडाचा गुळगुळीत तुकडा, धरायचा आणि तारा न दाबता तो त्यांच्यावरून नुसता सरकवत न्यायचा. तिकडं तिला लॅप स्टील म्हणतात, आपल्याकडं हवाईन गिटार. माझी अट एकच होती, स्वस्त हवी. स्वस्त म्हणजे घरात खरी किंमत सांगता येईल इतकी स्वस्त.

"म्हंजी बेंजोच की!" असं म्हणून विषय मिटवण्याकडं सगळ्यांचा कल होता. त्यांचं फार चुकत होतं असंही नाही. आपल्या वरातीत, जयंतीत, गणपतीत जो बँजो वाजतो, तो अमेरिकेतल्या बँजोचा कुणीच लागत नाही. त्याचं घराणं जपानी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरच्या धर्तीच्या कळा बसवून ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं, आणि महाराष्ट्रानं त्याला पिकअप लावला, भोंग्यांच्या गाडीवर चढवलं आणि त्याचा बँजो केला. तेव्हा आडवं धरायचं, तार छेडायची आणि वीज जोडायची, एवढी तयारी बीडकरांची आधीपासूनच झालेली आहे. फरक कळांचा. बँजोची कळ दाबली की सूर ठरलेल्या जागीच लागतो. हवाईन गिटारवर सूर नेमका कुठं बसलाय हे ज्याचं त्यानं शोधायचं आणि तो सापडेपर्यंत शेजाऱ्यांनी थांबायचं.

हे वाद्य जन्मलं हवाई बेटांवर. ओआहू बेटावरचा जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी पोरगा १८८९च्या सुमारास गिटार वाजवत रेल्वेच्या रुळांवरून चालला होता. वाटेत पडलेला बोल्ट त्यानं उचलला, तो तारांना घासला आणि त्यातून असा लांबट, ओला सूर निघाला की पोरगा आयुष्यभर त्यातच अडकला, अशी गोष्ट सांगतात. कुणी बोल्टऐवजी कंगवा म्हणतं, कुणी चाकूची पाठ म्हणतं. मला बोल्टची गोष्ट पटते, कारण तिच्यामुळं हे वाद्य बीडला का जन्मलं नाही याचा उलगडा होतो. आमच्याकडं रूळच नव्हते. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५च्या सुमारास मंजूर झाला आणि बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या काळात बीडच्या पोरांच्या तीन पिढ्यांनी नुसते मातीचे भराव तुडवले. भरावात बोल्ट सापडत नसतो. (परळीकर इथं हरकत घेतील. त्यांच्याकडं निजामाच्या काळापासून रेल्वे आहे. मग इतकी वर्षं त्यांनी रुळांवर काय शोधलं, हे त्यांनीच सांगावं.)

बाकी जगानं त्या बोल्टचं सोनं केलं. सॅन फ्रान्सिस्कोला १९१५ साली मोठं प्रदर्शन भरलं आणि अमेरिकेला हवाईच्या संगीताचं वेड लागलं. १९३२ मध्ये रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून ओतीव ॲल्युमिनियमची, गोल अंगाची आणि लांब दांड्याची एक गिटार विक्रीला आली. तिला लोक फ्राइंग पॅन म्हणत. बाजारात आलेल्या पहिल्या विजेच्या गिटारींत तिचा मान पहिला, आणि ती होती मांडीवरची. आज स्टेजवर उड्या मारत, गुडघ्यावर घसरत जी वाजवतात, त्या गिटारचं मूळ हे असं बैठकीतलं आहे. मला याचं फार समाधान वाटतं. माझे गुडघे आता घसरण्याच्या कामाचे राहिलेले नाहीत.

आपल्या देशात ती रमली कलकत्त्यात. हवाईच्या कलाकारांच्या मंडळ्या देशोदेशी फिरत. त्यांतलं टाऊ मो यांचं कुटुंब १९४०च्या दशकात कलकत्त्यातच राहिलं होतं. बंगाल्यांनी ती गिटार अशी काही मनावर घेतली, की रवींद्रसंगीत मुळात तिच्यासाठीच लिहिलं होतं असं वाटावं. व्हॅन शिप्ली, सुनील गांगुली यांनी सिनेमाची गाणी तिच्यावर वाजवली, त्यांच्या तबकड्या निघाल्या, मग कॅसेटी निघाल्या. पन्नाशीपुढच्या बीडकरांनी या कॅसेटी ऐकलेल्या आहेत, फक्त त्यांना ते माहीत नाही. लग्नात पंगती बसल्यावर गाण्याचे शब्द गायब होऊन नुसती चाल रडू लागायची ना, तीच ही. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' १९६७ची. विश्वमोहन भट्टांनी गिटारला जादा तारा चढवून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं.

हे सगळं मी पारावर जमलेल्या मंडळींना सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ग्रॅमीचे किती भेटतेत?" एकानं विचारलं.

"रोख काही नसतं. ग्रामोफोनची छोटी मूर्ती देतात."

"कामून मग एवढा कुटाना?"

मंडळींचा इतिहासातला रस तिथंच संपला आणि गोष्ट बाजारभावावर आली.

अमेरिकेत नवशिक्यांसाठी खास मांडीवरची, साडेबावीस इंच लांबीच्या तारांची छोटी गिटार शे-दीडशे डॉलरला मिळते. पण तिच्यावर कुरिअर आणि कस्टम चढलं की ती किंमत घरात सांगण्यासारखी राहत नाही, म्हणजे माझी एकमेव अटच मोडते. कलकत्त्यात तयार हवाईन गिटार आजही होतात, गिवसन हे तिथलं जुनं नाव. पण कलकत्ता ते बीड एवढ्या वाटेत लाकडाच्या पोकळ वस्तूचं काय होईल, यावर पारावर फार चर्चा झाली आणि "पोचंल, पर किती पोत्यात पोचंल सांगता येत नाय" असा निष्कर्ष निघाला. राहता राहिली आपली साधी, उभी, तीन-चार हजारांची गिटार. तिला आडवी करायची.

युक्ती सोपी आहे. साध्या गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला हाडाची किंवा प्लास्टिकची एक खाचांची पट्टी असते, तिच्यातून तारा जातात. त्या पट्टीवर लोखंडाची एक उंच टोपी बसवायची. दोन-चारशे रुपयांत येते. ना खिळा ना गोंद, तारांच्या ताणानंच ती जागेवर बसून राहते. टोपी चढवली की तारा उंच होतात आणि गिटार आडवी, टोपी काढली की गिटार पुन्हा उभी. टोपी बदलून बाजू बदलायची सोय आमच्या जिल्ह्यात इतर क्षेत्रांतही असल्यामुळं हा भाग कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

खरी मेख पुढं आहे. स्वस्त गिटार वाईट का ठरते? तिच्या तारा फार उंच असतात, दाबताना बोटांतून रक्त निघतं. तिचे पडदे खालीवर असतात, तारा खडखडतात. आणि सहा महिन्यांत तिची मान वाकते. हे सगळे दोष उभ्या गिटारचे. आडव्या गिटारला ते लागूच होत नाहीत. तारा उंच असतील तर फारच चांगलं, नाहीतरी आपण टोपी घालून त्या वर उचलणारच होतो. पडद्यांना कुणी शिवत नाही, ते फक्त सूर कुठं आहे हे दाखवणाऱ्या रेघा. पेन्सिलीनं ओढले असते तरी भागलं असतं. मान जराशी वाकली असली तर वाकू दे. स्टील तारांवरून चालतं, मानेवरून नाही. जी गिटार कुठल्याच कामाची नाही ती नेमकी याच कामाची, असा हा अजब मामला आहे. हे ज्ञान घेऊन मी वाद्यांच्या दुकानात गेलो, आणि तिथं माझी व दुकानदाराची गाठ पडली.

दुकान भरलं होतं टाळ, मृदंग, हार्मोनियम, चिपळ्या आणि बँजोच्या तारांनी. जिल्ह्याचा ओढाच तिकडं. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पखवाजासाठी पद्मश्री झाले, गिटारसाठी अजून कुणी झालेलं नाही. त्यामुळं गिटारी वर, पंख्याच्या उंचीला टांगलेल्या. दुकानदारानं त्यातली सगळ्यात चकचकीत काढली.

"ही घ्या सर. तारा एकदम खाली. लेकरानं दाबली तरी वाजतीय."

"मला तारा वर असलेली पाहिजे."

"वर?"

"जितक्या वर तितकं बरं."

त्यानं दुसरी दाखवली. तिच्या तारा थोड्या वर होत्या, पण म्हणे त्या लगेच खाली करून मिळतील. मी नको म्हणालो. कोपऱ्यात एक गिटार धूळ खात लटकली होती, तिच्याकडं बोट दाखवलं. दुकानदाराचा चेहरा पडला.

"ती नका घेऊ सर. आपण गिऱ्हाइकाला फसवत नाही. दारातलं ऊन डायरेक्ट तिच्यावर येतंय, मान वाकलीय तिची."

"कुठल्या बाजूला?"

"हे बघा, तारा पार बोटभर वर गेल्यात. पोरं दाबायला गेली की बोंबलतेत."

"छान. अजून काय खराब आहे तिच्यात?"

दुकानदार उठून उभा राहिला. "सर, तुम्ही ग्राहक मंचाचे का?"

नाही म्हटलं तरी त्याला ते पटलं नाही. दोष निघाला की भाव उतरतो, हा व्यापाराचा पाया. इथं एकेक दोष सांगावा तसे गिऱ्हाइकाचे डोळे चमकत होते. भाव वर न्यावा की खाली आणावा, हेच त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं गिटार पुन्हा आकड्याला अडकवली आणि "मालकांना विचारून सांगतो" म्हणाला. मालक तोच होता.

मग माझ्या ध्यानात आलं की बीडमध्ये गिटारसाठी दुकानात जाण्याची गरजच नाही. ती माळ्यावर असते. दहावीला नव्वदच्या वर टक्के पडले की बाप खुशीत येऊन पोराला गिटार घेऊन देतो. पोरगं एक-दोन कॉर्ड शिकतं, गिटार गळ्यात घालून फोटो काढतं आणि जूनमध्ये नीटच्या तयारीला लातूरला जातं. गिटार लातूरला जात नाही, लातूर पॅटर्नमध्ये ती बसत नाही. ती माळ्यावर चढते आणि बंद पडलेला कूलर, जुना रेग्युलेटर, नातवंडांसाठी राखून ठेवलेला पाळणा यांच्या शेजारी जाऊन बसते. पोरगं डॉक्टर होतं किंवा होत नाही, पण गिटारचा विषय त्या घरात पुन्हा निघत नाही. आणि माळ्यावर, पत्र्याखाली, आमच्याकडचे एप्रिल-मे दोनदा काढले की तिची मान कुणी न सांगता आडव्या वादनासाठी तयार होते. कारखान्यात हे काम इतक्या सावकाश आणि इतक्या स्वस्तात होणार नाही.

गल्लीत नुसती चौकशी केली तर इतकी घरं पुढं आली, की मला निवड करावी लागली. एका शेजाऱ्यानं तर हात जोडले. "न्या की सर. रद्दीवाला घेईना. लाकूड म्हनून द्यावी तर त्यो म्हनतो तारा हायेत, भंगारात द्यावी तर म्हनतो लाकूड हाय." फुकट कसं घ्यायचं म्हणून मी त्याला टोपलंभर सीताफळं दिली. बीडच्या सीताफळाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, त्या गिटारला कसलंच नव्हतं. सौदा माझ्या अंगलट आला असं आमच्या घरात अजूनही मानतात.

दोष चालतात म्हणून वाट्टेल तो दोष चालतो असं मात्र नाही, आणि हे एवढं मी जरा गंभीरपणे सांगतो. पहिल्यांदा चाव्या बघायच्या. तार पिळली की चावी तिथंच थांबली पाहिजे, मागं सरकणारी चावी असेल तर माणूस आयुष्यभर सूर लावत बसतो, वाजवायची वेळ येत नाही. मग ब्रिज, म्हणजे तारा जिथं खाली अडकवतात ती पट्टी. तिच्याखाली दहाची नोट सरकवून बघावी. नोट आत गेली तर गोंद सुटलाय असं समजावं, गिटार सोडावी आणि नोट आठवणीनं परत घ्यावी. तिसरी गोष्ट ताणाची. हवाईन गिटार अशा सुरांत लावतात, की सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या तरी सा-प-सा-ग-प-सा असा भरलेला नाद निघावा. हे 'ई'वर लावायचं तर तीन तारा नेहमीपेक्षा जास्त ताणाव्या लागतात, आणि पत्र्याखाली तापलेली मान तेवढ्यात जागा सोडू शकते. 'डी'वर, म्हणजे आपल्या पांढरी दोनला लावलं तर चार तारा उलट सैल होतात आणि मान वाचते. वाकलेल्या मानेला फार ताण देऊ नये, ती वाकलेलीच बरी.

आता राहिलं स्टील. केकुकूनंही पुढं शाळेच्या वर्कशॉपमध्ये नीट घडवलेला बार करून घेतला म्हणतात. मी एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडं गेलो. तीन इंच लांब, पाऊण इंच जाड, स्टेनलेस, एक टोक गोल, आणि अंगावर एकही ओरखडा नको, असं माप सांगितलं. ओरखडा राहिला तर तो तारेवर खर्र करून ओरडतो, हेही सांगितलं.

"कोणत्या ट्रॅक्टरचं हाय?" त्यानं विचारलं.

"गिटारचं आहे."

"ते कुठल्या कंपनीचं ट्रॅक्टर?"

मी मांडी घालून, हवेत गिटार धरून, हात सरकवून दाखवला. लेथवर काम करणारी पोरं मशीन थांबवून बघत होती. त्यातल्या एकाला कळलं. तो कोपऱ्यातल्या भंगारातून एक पिस्टन पिन घेऊन आला, कुठल्याशा जुन्या जीपची. गुळगुळीत, जड, आणि कठीण तर इतकी की तारांनी तिच्यावर रेघ उठायची नाही. पुढं कळलं की तिकडचेही बरेच वादक पिस्टन पिननंच वाजवतात. मी लेथवरचा बारही घेतला, पावणेदोनशे ग्रॅम भरला. पण हातात राहिली ती पिनच. मिरजेत तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यानं सतारी घडवायला घेतल्या, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळालं. आमच्याकडं ऊसतोडीचे कोयते घडवणारे हात आहेत, गॅरेजा आहेत, आणि मोडलेल्या जीपा तर मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. मानांकनाचा अर्ज फक्त कुणी केलेला नाही.

पिकअपसाठी मी बँजोवाल्या मास्तरांकडं गेलो, कारण तारेला वीज कशी लावायची हे जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यांनी गिटार उलटीपालटी केली, बोटानं वाजवून पाहिली आणि कळा कुठायत म्हणून विचारलं. नाहीत म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी काळजी दिसली. मग त्यांनी एका बझरमधून दहा-वीस रुपयांची पितळी चकती काढली, दोन वायरी जोडल्या, चकती ब्रिजच्या आतल्या बाजूला चिकटवली आणि वायरीचं दुसरं टोक आहुजाच्या ॲम्प्लिफायरला लावलं. पहिल्याच छेडीला शेजारच्या गोठ्यातली म्हैस उभी राहिली. मास्तर म्हणाले, "आवाज हाय." त्यांच्या धंद्यात यापुढं प्रशस्ती नाही. मग त्यांनी स्वतः पिन धरली, एक तार छेडली आणि हात हळूहळू वर नेला. इतकी वर्षं कळांच्या पायऱ्यांवरून उतरलेल्या माणसाला मधे घसरगुंडीही होती हे समजल्यावर तो जे करेल तेच त्यांनी केलं. गिटार तासभर परत दिली नाही.

पहिलं जाहीर वादन एकादशीला, भजनात झालं. जाहीर म्हणजे मी मागं, सतरंजीच्या कडेला बसलो होतो. सप्ताहात वीणेकरी वीणा गळ्यात घालून उभा असतो आणि सात दिवस ती जमिनीला टेकू देत नाहीत, पहारा बदलला तरी हातातून हातात जाते. अशा मंडळींसमोर तंतुवाद्य उताणं निजवायचं म्हणजे धीर लागतो. एका आजोबांनी वाकून विचारलंच, "आजारी हाय का ती?"

बुवांनी काळी चार धरली. पांढरी दोनला लावलेली गिटार, पिन सहाव्या पडद्यावर नेली की काळी चार आपोआप मिळते, तेवढं माझं पाठ होतं. पेटी, पखवाज, टाळ आणि चाळीस गळे यांच्यामध्ये मी सुरुवातीला नुसता हात फिरवला, तेव्हा माझं मलाही ऐकू आलं नाही. पण बुवा एका ओळीवर रेंगाळले, टाळ थांबले, आणि त्यांच्या आलापीमागून माझी पिन गेली. गंधारावरून मध्यमावर, मधली सगळी जागा न सोडता. दोन-चार माना वळल्या. आडव्या पिननं सगळे सूर एकदम सरकवायचे हे या वाद्याचं बळ आणि तेच त्याचं दुखणं. कोमल गंधार आला की सगळ्या तारा एकदम छेडायची सोय संपते, एकाच तारेवर चोरपावलांनी चालावं लागतं. बुवांनी पुढचा अभंग भैरवीत धरला आणि मी गिटारवर हात ठेवून भक्तिभावानं डोळे मिटले.

भजन संपल्यावर चहाच्या वेळी न्यायनिवाडा झाला. बुवा म्हणाले, वाद्य गोड आहे. पखवाजवाले म्हणाले, फार हळू आहे. ज्यांनी आजारी का विचारलं होतं ते आजोबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "वाजतंय चांगलं. पर मयताला जास्त शोभंल." त्यांचा आवाज प्रामाणिक होता आणि हे दूषण नव्हतं. आमच्या गावात मयताला येणारी माणसं लग्नापेक्षा जास्त असतात.

परिणाम आठवडाभरात दिसू लागले. बँजोवाल्या मास्तरांना त्यांच्या पार्टीत एक आडवी गिटार घ्यायची होती. बुवांच्या मुलाला पाहिजे होती. परळीहून एकाचा फोन आला, तो रेल्वेतच नोकरीला होता, आणि बोल्टची सोय आपली आहे म्हणाला. सगळ्यांना स्वस्त पाहिजे होती, आणि मी छाती पुढं काढून सांगितलं, दुकानात जाऊ नका, आमच्या गल्लीत या.

मास्तरांना घेऊन मी त्या सीताफळवाल्या शेजाऱ्याकडं गेलो. धाकट्याची गिटारही त्याच्या माळ्यावर होती, हे मला ठाऊक होतं. त्यानं ती आधीच खाली उतरवून, पुसून, दिवाणावर गादीवर ठेवली होती. आडवी.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

"साडेचार हजार."

"अहो, नवी तीन हजाराला येतीय!"

"ती साधी. ही हवाईन हाय." शेजाऱ्यानं गिटार उचलून कडेनं आमच्या डोळ्यांसमोर धरली. "मान बघा की, धनुष्यावानी वाकलीय. तीन उन्हाळे काढलेत तिनं. ह्या तारा दाबून दाखवा, दाबल्या तर पैसे परत."

मास्तरांनी दाबून पाहिलं. खरंच दाबल्या जाईनात. ते काही न बोलता मान हलवू लागले. सौदा मोडतोय असं दिसताच शेजारी घरात गेला आणि पुतण्याची गिटार घेऊन आला, कव्हरसकट, अजून प्लास्टिकही न काढलेली.

"बजेट नसंल तर ही घ्या," तो म्हणाला. "मान सरळ हाय, म्हनून दोन हजारानं कमी करतो."